पेटीत नसलेला दोष

एकदा एका गिटार वाजवणाऱ्या तरुणाने आपल्या बँडच्या गायकाला काढून टाकायचे ठरवले आणि ते सांगायला तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. सल्ला त्याला नको होता. गुरूंनी एकदा मान डोलवावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

तरुणाचे नाव मिहीर. नाशिकला राहणारा, वय तिशीच्या आतले. त्याचा चौघांचा बँड प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवीत असे. हे नाव ज्यांच्या कानावरून गेलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की ते गडगडाटी गिटारींचे पण कमालीचे काटेकोर संगीत आहे. एकेक गाणे दहा-बारा मिनिटांचे असते, मध्येच सात मात्रांचे आवर्तन अकरा मात्रांचे होते, आणि या साऱ्या कल्लोळाच्या वर गायकाला तारसप्तकातला स्वर धरून उभे राहावे लागते. मिहीरच्या बँडची स्वतःची गाणी दोनच होती. बाकी कार्यक्रम परदेशी बँडांच्या गाजलेल्या गाण्यांचा, म्हणजे ज्यांना कव्हर म्हणतात त्यांचा. समोरच्या श्रोत्यांना ती गाणी मूळ गायकाच्या श्वासासकट पाठ असत.

वाद्यांच्या बाजूने कधी बोट ठेवायला जागा नसे. अडचण होती ती रूबेनच्या गळ्याची. रूबेन साळवी त्यांचा गायक. एखाद्या संध्याकाळी तो असा गाई की मूळ गायकाचीही आठवण होऊ नये. पुढच्याच कार्यक्रमात तेच गाणे, तीच जागा, आणि आवाज फाटे. लोक मोबाइलवर चित्रण करून नेटवर टाकत आणि खाली दर वेळी तेच लिहिलेले असे: वाद्ये अप्रतिम, गायक बदला.

मिहीर शिस्तीचा माणूस होता. त्याने दोन वर्षांतल्या सव्वीस कार्यक्रमांची चित्रणे जमवली, एका गाण्यातला शेवटचा उंच स्वर त्या प्रत्येकात ऐकला आणि त्याला दहापैकी गुण दिले. नऊ, तीन, आठ, दोन, असा तो तक्ता झाला. तो त्याने बँडच्या ग्रुपवर टाकला. ड्रमवाल्याने आणि बेस वाजवणाऱ्या शलाकाने काहीबाही लिहिले. रूबेनने काहीच लिहिले नाही.

अशात बंगळुरूच्या एका मोठ्या संगीत महोत्सवाकडून पत्र आले. निवडीसाठी महिन्याभरात एखाद्या कार्यक्रमाचे ताजे ध्वनिमुद्रण पाठवा, असे त्यांनी कळवले होते. चार वर्षे ज्याची वाट पाहिली ते दार किलकिले झाले होते. मिहीरने पुण्यातल्या एका दुसऱ्या गायकाशी बोलणेही करून ठेवले.

त्याचे गुरू त्रिंबकराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पन्नास वर्षे त्यांनी गवयांना पेटीची साथ केली होती. मिहीर लहानपणी त्यांच्याकडे पेटी शिकला आणि पुढे गिटारकडे वळला, तेव्हा त्रिंबकरावांनी वाईट वाटून घेतले नाही. बोटे चालती राहिली म्हणजे झाले, असे ते म्हणाले होते. महिन्यातून एकदा तरी तो त्यांच्याकडे जाई.

त्रिंबकरावांनी सगळे ऐकून घेतले. मोबाइल हातभर लांब धरून तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, की या दोन गुणांच्या दिवशी काय झाले होते.

"काहीच नाही, गुरुजी. तेच तर म्हणतोय. गाणं तेच, वाद्यं तीच, तालीमही झालेली."

त्रिंबकरावांनी मोबाइल परत दिला. रविवारी सकाळी इंदुमतीबाईंची मैफल आहे, माझ्याने आता पेटी उचलवत नाही, तेव्हा तू ये, एवढेच ते म्हणाले. मान त्यांनी डोलवली नाही.

रविवारी मिहीर वेळेवर गुरूंच्या घरी पोहोचला. जुन्या सवयीने त्याने निघण्याआधी पेटी उघडून भाता मारला, एकेक सूर वाजवून पाहिला. पेटी निर्दोष होती. एकही सूर कुरकुरत नव्हता.

इंदुमतीबाई सत्तरी ओलांडलेल्या गायिका. त्यांचे नाव मोठे होते आणि त्यांचा सूरही सर्वांना ठाऊक होता. त्या नेहमी पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी षड्ज धरून, गात. सभागृहात दीडशे-दोनशे माणसे जमली होती. मैफलीपूर्वी त्रिंबकराव आतल्या खोलीत बाईंपाशी गेले, दार लोटून घेतले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले. मग रंगमंचावर बसून त्यांनी माइक जवळ ओढला.

"मंडळी, एक अपराध झाला आहे," ते म्हणाले. "माझ्या पेटीच्या वरच्या सुरांचा आज भरवसा नाही. आयत्या वेळी दुसरी पेटी मिळाली नाही. बाईंना मी विनंती केली आहे, की आज पांढरी चारमधून गावं. त्यांना गैरसोय होईल, ती माझ्यामुळे. सांभाळून घ्या."

तानपुरे उतरवून पुन्हा जुळवावे लागले. त्यात बराच वेळ गेला. सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले एक जाणकार गृहस्थ सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, की वय झाले की माणसाने वाद्य खाली ठेवावे. त्रिंबकरावांनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले. मंचाच्या कडेला बसलेल्या मिहीरचे कान मात्र तापले. पेटीत दोष नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

बाई गाऊ लागल्या. पहिली काही मिनिटे आवाज खरखरीत होता. हळूहळू तो मोकळा झाला आणि मग खालच्या त्या सुरात असे काही उमलले, की कुजबुज कधी थांबली ते कुणाला कळले नाही. एका जागी बाई वरच्या गंधाराकडे निघाल्या आणि आवाज पोहोचणार नाही असे दिसले. एरवी अशा वेळी पेटी तो स्वर भरून काढते. त्रिंबकरावांनी तो वाजवलाच नाही. त्यांनी नुसता षड्ज धरून ठेवला. बाई अर्ध्या वाटेवरून त्या षड्जावर परत आल्या आणि ते येणे इतके सहज झाले, की त्या तिथेच यायला निघाल्या होत्या असे वाटावे.

परतताना रिक्षात मिहीरला राहवले नाही.

"गुरुजी, पेटी मी स्वतः तपासली होती. तुम्ही खोटं का बोललात? त्या माणसाने तुम्हाला सगळ्यांसमोर नको ते ऐकवलं."

त्रिंबकराव म्हणाले, "बाई तीन दिवस बहिणीच्या उशाशी दवाखान्यात बसून होत्या. घसा बसला होता. मी आत जाऊन विचारलं, आज कुठून गायचं? पन्नास वर्षं मी प्रत्येक गवयाला प्रत्येक मैफलीआधी हे विचारत आलो. पेटीचे सूर एकदा बसवले की बसले, ते उद्याही तेच असतात. गळा जित्या माणसाच्या अंगात असतो. त्याला जागरण होतं, पडसं होतं, दुःख होतं. सूर खाली का आला, हे दोनशे लोकांना कळायची गरज नव्हती. बाईंनी त्याचं ओझं घेऊन गायला बसायचं, त्यापेक्षा ते पेटीवर टाकलं. पेटीला काय वाटतंय?"

"पण आमच्याकडे तसं नसतं, गुरुजी. कव्हर म्हणजे मूळ गाण्याच्याच सुरात हवं. लोक मूळ गाण्याशी ताडून बघतात."

"ते मूळ गाणं त्या गायकानं किती वेळा गायलं असेल, आणि त्यातलं कुठलं रेकॉर्डवर ठेवलं असेल? त्याच्या सगळ्यांत चांगल्या दिवसाशी तू तुझ्या माणसाचा रोजचा दिवस ताडतोस."

पण मिहीरच्या मनातली शंका खोटी नव्हती आणि ती त्याने बोलून दाखवली. अशाने गायकाचा प्रत्येक दोष झाकत बसायचे का? त्याने रियाजच केला नसेल तर?

त्रिंबकराव म्हणाले, "झाकलं ते लोकांपासून. आत, दार लोटल्यावर, बाई आणि मी एकमेकांशी अगदी खरं बोललो होतो. जे आत उघडं केलेलं नाही ते बाहेर झाकता येत नाही, मिहीर. तू उलट केलंस. आत काही विचारलं नाहीस आणि बाहेर तक्ता टाकलास. त्याने रियाज केला की नाही, हे मला ठाऊक नाही. तुलाही नाही. तेवढं विचारून ये, मग काढून टाक हवं तर."

दुसऱ्या दिवशी मिहीर रूबेनच्या शाळेत गेला. रूबेन तिथे खेळाचा शिक्षक होता. हे मिहीरला माहीत होते. पण मैदानावर तीनशे मुलांना कवायत करवताना त्याला त्याने कधी पाहिले नव्हते. रूबेन घसा ताणून आकडे म्हणत होता. मिहीर कुंपणापाशी उभा राहून ते ऐकत राहिला आणि त्याला आठवले, की दोन गुणांचा तो कार्यक्रम डिसेंबरात, शाळांच्या क्रीडा सप्ताहात झाला होता.

मधल्या सुट्टीत दोघे झाडाखाली बसले. मिहीरने विचारले आणि रूबेन बराच वेळ बोलला. निम्मे कार्यक्रम तो मैदानावरून थेट येऊन गायला होता. दोनदा मात्र त्याने तालमीला दांडी मारली होती आणि घरीही रियाज केला नव्हता, हेही त्याने आपण होऊन सांगितले. त्या शेवटच्या स्वराची त्याला आता धास्ती बसली होती. गाण्याचे दुसरे कडवे सुरू झाले की तो स्वर समोरून येताना दिसे आणि घसा तेव्हाच आवळू लागे.

"मग बोलला का नाहीस?" मिहीरने विचारले.

"आधी सांगणार होतो," रूबेन म्हणाला. "मग तू गुण पाठवलेस. निकाल लागल्यावर पेपर कसा गेला ते कोण सांगत बसतं?"

मग मिहीरने पुण्याच्या गायकाची गोष्टही सांगून टाकली. ती लपवून ठेवणे आता बरे दिसले नसते. रूबेनचा चेहरा उतरला, पण तो उठून गेला नाही.

पुढच्या तालमीत त्यांनी गिटारी एक पूर्ण स्वर खाली जुळवल्या. तारा सैल पडल्या, तेव्हा जाड तारा घातल्या. ड्रमवाला दोन दिवस कुरकुरला. गाणे जड आणि काळोखे वाटत होते. ते मूळ गाण्यासारखे राहिले नव्हते. रूबेन मात्र त्यात पहिल्यांदाच डोळे मिटून गायला. महिन्याच्या शेवटी नाशिकच्या एका छोट्या कार्यक्रमात त्यांनी ते वाजवले आणि तेच ध्वनिमुद्रण बंगळुरूला पाठवले.

त्यांची निवड झाली नाही. वादन उत्तम आहे, पण मूळ गाण्यातली धार उतरली आहे, असे महोत्सववाल्यांनी कळवले. मिहीरला ते फार लागले. चार वर्षांची वाट होती ती. ग्रुपवर शलाकाने विचारले, की सूर खाली आणल्याने तर हे झाले नसेल? मिहीरने लिहिले, की असेल, आणि तो निर्णय माझा होता. रूबेनचे नाव त्यात कुठे आले नाही.

मग डिसेंबर आला. मालेगावच्या एका महाविद्यालयात त्यांचा कार्यक्रम होता. त्या दिवशी सकाळी सातलाच रूबेनचा फोन आला. आवाज घोगरा होता.

"मिहीर, कालच्या स्पर्धांत घसा गेलाय. वरचं काहीच नाही आज. खालचं आहे."

दोन वर्षांत असा फोन पहिल्यांदाच आला होता. मिहीर अंथरुणावर उठून बसला. खालच्यात काय काय जमेल असे त्याने विचारले, आणि दोघांनी मिळून यादी केली. दोन मोठी गाणी गळाली. त्यांच्या जागी वाद्यांचा एक लांब तुकडा आला आणि स्वतःचे जुने, खालच्या पट्टीतले एक गाणे बाहेर निघाले. कार्यक्रम बेताचाच झाला. काही मुलांनी गाजलेली गाणी मागितली. ती आज होणार नाहीत, असे मिहीरने माइकवरून सांगून टाकले. कारण सांगितले नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत रूबेन गरम पाण्याची बाटली हातात घेऊन झोपी गेला. चांदवडच्या घाटात गाडी हेलकावली तेव्हा मिहीरने त्याचे कलंडलेले डोके आपल्या खांद्यावर टेकवून घेतले आणि ड्रमवाल्याला हळू बोलायला सांगितले.

ज्याच्याकडून आपल्याला रोज एकसारखे हवे असते, तो आज कसा आहे, हे विचारायचे आपल्याकडून बहुधा राहून जाते.