भस्म कोणाला लागू पडलं?

धुकेगडचे राजे रत्नसिंह इतके स्थूल होते, की त्यांची पालखी उचलायला आठ भोई लागत. राजवैद्य त्र्यंबकशास्त्रींनी त्यांना वजन उतरवणारं खनिजांचं भस्म दिलं. ते रोज पहाटे गडावरच्या देवळात मधातून चाटायचं. पायथ्याच्या वाड्यातून निघालेली पालखी धुक्यातून झुलत वर जाई आणि आत पेंगलेल्या राजांना आपण सावरीच्या कापसासारखे तरंगतोय असं स्वप्न पडे.

सहा महिन्यांनी, एका पहाटे गडाच्या वाटेवरच शास्त्री म्हणाले, "महाराज आता हलके झाले. इनाम म्हणून भोयांचं गाव मला द्यावं."

राजांनी पालखीतूनच म्हाताऱ्या केरबा भोयाला विचारलं, "माझं ओझं तुझ्या खांद्याला ठाऊक. भस्माचा गुण आला का रे?"

शास्त्रींनी डोळे वटारले. केरबा म्हणाला, "आला की, सरकार! आम्हा आठही जणांच्या बरगड्या दिसायला लागल्या. चाटलं तुम्ही, पण लागू पडलं आम्हाला. गड चढणाऱ्यालाच ते लागू पडत असावं."

राजांची उरलीसुरली झोप खाडकन उडाली. पालखी थांबवून त्यांनी धुक्यात अनवाणी पाऊल टाकलं.

"शास्त्रीबुवा, आजपासून भस्म तुम्ही चाटा. गड मी चढतो."