तिरडी बोळ

"पण आक्का, पालखी म्हणायला तुमचं काय जातंय?"

हौसाबाई तोडकर मठाच्या दारात उभीच होती. बसायला सवड कुणाला होती?

म्हाळसाक्का हातातली वात वळत राहिल्या. ऐंशीच्या पुढची ही बाई एकटीच मठ सांभाळायची. हौसाबाईनं त्यांच्याकडून कानमंत्र घेतला होता, आणि त्यांचा शब्द म्हणजे सगळ्या बोळाला काळ्या दगडावरची रेघ.

बोळ जुन्या शहरातला. गावातून घाटावर जाणारी तिरडी ह्यातूनच जायची. मठापाशी वळण असं अवघड, की खांदा बदलल्याशिवाय पुढं सरकताच यायचं नाही. मग बोळातला माणूस हातातलं काम टाकून खाली उतरायचा आणि नदीपर्यंत खांदा द्यायचा. मेलेला कुठल्या जातीचा, कुणाच्या घरचा, विचारायचं नाही. ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक. नाव मात्र पडलं ते पडलंच. तिरडी बोळ.

त्या नावापायी हौसाबाईच्या वैजूची दोन स्थळं उंबऱ्यावरूनच परत गेली होती. पोरगी लाखात एक, पण पत्ता ऐकला की पाव्हण्यांच्या घशाखाली पोहे उतरायचे नाहीत.

आज तिसरं स्थळ घरात बसलं होतं. हौसाबाईनं बेधडक ठोकून दिलं होतं, की हा पालखी बोळ. देवाची पालखी इथं खांदा बदलायची, म्हणून हे नाव. मुलाच्या बापाला जुन्या गोष्टींचा भारी नाद. "वा! चहा झाला की मठातल्या आजींना विचारू," म्हणाला.

तेवढं ऐकून मागच्या दारानं पळतच ती इथं आली होती.

"आक्का, पालखी काय न् तिरडी काय, दोन्ही खांद्यावरच की!"

"पालखी कुणाची?"

"देवाची."

"आणि तिरडी?"

"आक्का, माझी पोर उजवायचीय. मला कोड्यात घालू नका."

"बोळातली दारं का लागलीत, हौसे?"

हौसाबाईनं पदराचा शेव चुरगाळला. "मीच सांगितलं. पाव्हणं जाईस्तोवर कुणी भाईर यायचं न्हाई. आलीच एखादी... तर जाऊ दे आपली आपण."

"आपली आपण."

"एक दिवसच हो!"

हौसाबाईचा एक कान आपल्या घराकडं. कपबशा वाजल्या. चहा झाला वाटतं...

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी टाळ वाजला.

"आई गं," हौसाबाई म्हणाली. "आजच?"

पुढं विस्तवाचं मडकं धरलेला म्हातारा. मागं तिरडी, आणि खांद्याला माणसं तीनच. चौथा कोपरा हेलकावे खात होता. वळणाशी येऊन ती तिघं थांबली. एकानं बंद दारांकडं पाहिलं. म्हातारा नुसता उभा राहिला.

एक दार उघडेना.

म्हाळसाक्का उठल्या. काठी न घेताच पायरी उतरल्या.

"आक्का, तुमी कुठं? पडाल!"

"कोपरा रिकामा आहे."

"बायामाणसं खांदा देत्यात व्हय?"

"मग माणसं बोलाव."

हौसाबाईनं घराकडं पाहिलं. ओट्यावर मुलाचा बाप येऊन उभा होता. मागं मुलगा, चांगला धिप्पाड, दोन्ही हात खिशात. वर कुठंशी खिडकी धाडकन उघडली, कुणी ओरडलं; तिचे डोळे त्या ओट्यावरच. कोपरा आणखी खाली आला. वरचं माणूस एका कुशीवर सरकलं. लहानसर, पोरीएवढं.

"तिरडी आलीया!" हौसाबाई ओरडली. घसा फाटला तरी ओरडली. "मेल्यांनो, दारं उघडा! तिरडी बोळात ऱ्हाता न् खांदा देत न्हाई?"

कड्या निघाल्या. माणसं धावली. शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला.

ती मुलाकडं वळली. "पाव्हणं, तुमीबी या. ते मागचं माणूस थकलंय."

मुलानं बापाकडं पाहिलं.

"भलतंच काय! शुभकार्याला आलोय आम्ही," बाप म्हणाला. "पालखी बोळ म्हणे!"

मुलाचे हात खिशातच राहिले.

तिरडी वळण घेऊन नदीकडं गेली. पाव्हणे उलट्या दिशेनं गेले.

हौसाबाई मटकन पायरीवर बसली.

"गेले?" म्हाळसाक्कांनी विचारलं.

"गेले. माझ्या तोंडाला काय आग लागली होती, आक्का? पोरीचं वाटोळं केलं मी. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हाळसाक्कांनी वात पुन्हा हातात घेतली.

"तिला काय सांगतेस? तुझ्या आधी माडीच्या खिडकीतनं तीच ओरडली."