बकुळचा भोंडला

परडीगाव नावाचं एक गाव होतं. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. पण सकाळी सकाळी वाऱ्याबरोबर कुठून तरी झेंडूचा वास आला, तर खुशाल समजा की वारा परडीगावावरूनच आलाय. तिथली कुंपणं केशरी, अंगणं पिवळीधमक, आणि ओढ्याकाठी जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्याशुभ्र इवल्या इवल्या फुलांची नुसती दाटी.

अशा रंगीत गावात सगळ्यांत लहान घर तुळसाचं होतं. एक खोली, एक चूल आणि पावसात गळणारे तीन कोपरे. आई हार ओवायची, बाबा ते सायकलवरून तालुक्याच्या बाजारात न्यायचे, आणि नऊ वर्षांची तुळसा उजाडताच मळ्यात फुलं तोडायला जायची. तिच्या फ्रॉकला इतकी ठिगळं होती, की मूळचा फ्रॉक कुठला हे आईलाही सांगता आलं नसतं.

तुळसाची धाकटी बहीण बकुळ. सहा वर्षांची, गोबरी, बदामी डोळ्यांची, आखूड मऊ बोटांची. ती चालायला उशिरा लागली आणि बोलायला त्याहून उशिरा. ती जन्मली तेव्हा गावात जो तो आपली अक्कल पाजळून गेला. कुणी म्हणालं, आईनं ग्रहणात भाजी चिरली. कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. शेवटी आईनं बाळाला उचललं आणि थेट तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी बकुळला मांडीवर घेतलं, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. जन्मापासूनच असतो. कुणाचं काही चुकलं म्हणून होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. ही शिकेल, हसेल, भांडेल. वेळ मात्र लागेल, तेवढा द्या."

"वेळ आहे की," आई म्हणाली. "दुसरं काही नसलं तरी वेळ आहे आमच्याकडे."

आणि तो तिनं खरंच दिला. फ्रॉकचं एक बटण लावायला शिकण्यात बकुळचा अख्खा पावसाळा गेला. ज्या दिवशी ते लागलं, त्या दिवशी बाबांनी बत्तासे वाटले. मग ती झेंडू ओवायला शिकली. एका तासात तिचा एकच हार व्हायचा, पण फुलाला फूल असं लागलेलं, की बघत राहावं. अनुसयाकाकूंच्या देवघरातला हार रोज बकुळच ओवायची. हे काकूंना ठाऊक नव्हतं. देवाला ठाऊक होतं, पण त्याची काही तक्रार नव्हती.

या अनुसयाकाकू म्हणजे गावातल्या बायकांच्या पुढारी. त्यांनी मान डोलावली की गाव डोलायचं. त्यांची सून कावेरीवहिनी पोटुशी होती. रोज सकाळी बकुळ त्यांच्या मागच्या दाराशी फुलपुडा घेऊन जायची आणि वहिनीच्या पोटाकडे बघून हळूच विचारायची, "बाळ उठलं?" बाकी सारं गाव 'मुलगा की मुलगी' यातच गुंतलेलं. बाळ उठलं का, हे विचारणारी बकुळ एकटीच. वहिनी हसून म्हणायची, "उठलं गं. तुझीच वाट बघत होतं."

आश्विन आला आणि भोंडला सुरू झाला. रोज एकेका अंगणात पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. ओळखल्याशिवाय खायची नाही, अशी रीत. यंदा पहिल्यांदाच तुळसाच्या घरची पाळी होती, शुक्रवारची. तुळसा वर्षभर त्या शुक्रवाराची वाट बघत होती.

आणि बुधवारी अनुसयाकाकू दारात उभ्या राहिल्या.

"सुभद्रे, शुक्रवारी मुली येतील हो तुझ्याकडे. पण धाकटीला तेवढं मामाकडे पाठव."

"का बरं, काकू?" आईनं विचारलं.

"मागच्या साली हिनं माझी खिरापत डबा उघडायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकली! ते एक असो. पण आमच्या कावेरीला सातवा लागलाय. अशा वेळी अशी मुलं नजरेसमोर नसावीत, म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

आईनं ओवता ओवता हार खाली ठेवला. "काकू, अंगण माझं आहे आणि लेकही माझीच आहे. बकुळ फेरात असणार."

"मग फेराला मुली कुठून आणतेस ते बघ," असं म्हणून काकू फणकाऱ्यानं निघून गेल्या. तुळसाला आईचा अभिमान वाटला आणि काकूंचा भयंकर राग आला. पण खरं सांगायचं, तर तिला थोडासा बकुळचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी बहिणी मळ्यात गेल्या. दवाचे थेंब पानापानांवर लुकलुकत होते. तेवढ्यात कुंपणापाशी काहीतरी निळं, रुपेरी, सोनेरी फडफडलं. तुळसानं वाकून पाहिलं, तर काय! करंगळीएवढी एक परी! गुलाबी झगा, चमचमते पंख आणि कपाळावर चांदणीएवढी टिकली. पण बिचारीचे पंख अडकले होते. आई केळीच्या सोपटाचा दोरा भिजवून कुंपणावर टाकते ना, त्याच्याच गुंत्यात.

"थांब हं, सोडवते," म्हणत तुळसानं दोरा ओढला.

"आई गं!" परी कळवळली. गुंता आणखीच आवळला.

बकुळनं मांडी ठोकली. "मी," ती म्हणाली. "एक एक."

आणि तिनं एक एक गाठ सोडवायला घेतली. ऊन आंब्याच्या शेंड्यावर आलं, मग खाली झेंडूंवर उतरलं. तुळसाची परडी रिकामीच होती, तिची घालमेल चालली होती. बकुळ मात्र जीभ दातांत धरून गाठीमागून गाठ सोडवत होती. सतराव्या गाठीला निळे पंख भुर्रकन मोकळे झाले आणि साऱ्या मळ्यात सोनेरी कण उडाले!

"माझं नाव टिकली परी," ती गिरकी घेत म्हणाली. "दोघींना एकेक इच्छा! पण नियम ऐका बरं. एक, स्वतःसाठी काही मागायचं नाही. दोन, जिच्यासाठी मागाल तिनं स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हटलं पाहिजे. कुणाचं भलं त्याला न विचारता करायचं नाही, असं आमच्याकडे फार कडक आहे."

बकुळनं क्षणभरही विचार केला नाही. "तायडीला गूळ!"

"अगं बकुळ!" तुळसा ओरडली. "अख्खी इच्छा गुळावर?"

"हो की नाही, तेवढं सांग," परी गालात हसत म्हणाली.

"हो," तुळसा पुटपुटली, आणि तिच्या परडीत नारळाएवढी पिवळीजर्द ढेप धपकन पडली. बकुळनं तिच्यातला एक खडा फोडून तायडीला भरवला. एक कण परीलाही दिला.

आता तुळसाची पाळी. तिला काकूंचा फणकारा आठवला, रिकामं अंगण डोळ्यांपुढे आलं, आणि ती भडाभडा म्हणाली, "आमच्या बकुळला इतर मुलींसारखी कर!"

परीची टिकली एकदम मंद झाली. ती अलगद बकुळच्या गुडघ्यावर उतरली. "बकुळ, तुला दुसरी मुलगी करू?"

बकुळ विचारात पडली. पुष्कळ वेळ पडली. मग तिनं विचारलं, "मग बकुळ कुठे जाईल?"

"ते मलाही ठाऊक नाही गं, राणी."

"तर नको," बकुळ म्हणाली. "बकुळला इथे काम आहे."

तुळसाला रडूच फुटलं. आपण काय मागितलं, हे तिला तेव्हा कळलं. तिनं बहिणीला घट्ट जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, "चुकलं गं माझं. तू कुठे जायचं नाहीस." बकुळ फुलं तोडायला अधीर झाली होती. तिनं तायडीला थोपटलं आणि बाजूला केलं.

"मग काकूंचं मन तरी बदल," तुळसा डोळे पुसत म्हणाली.

"बदलते की! काकू 'हो' म्हणाल्या तर."

"त्या कशाला म्हणतील?"

"तेच तर. मन ज्याचं त्यानंच बदलावं लागतं, बाळा. तुझी इच्छा ठेव जपून. लागेल तेव्हा हाक मार." आणि परी दवाच्या एका थेंबात शिरून दिसेनाशी झाली.

शुक्रवार उजाडला. तुळसानं पाटावर रांगोळीचा हत्ती काढला. त्याची सोंड जरा आखूड झाली होती, पण डोळे झकास. बकुळनं त्याच्याभोवती झेंडूचा हार ठेवला. आईनं त्या गुळात खोबरं घालून खिरापत केली आणि डबा झाकला. ऊन कलू लागलं, तरी मुली आल्या नाहीत. कुंपणापलीकडे मात्र रंगीबेरंगी रिबिनी दिसत होत्या. सगळ्या जणी चोरून बघत होत्या, पण एकीचाही आत पाऊल टाकायचा धीर होत नव्हता.

"तिघींचाही फेर होतो," आई म्हणाली. तिघींनी हात धरले. तीन जणींचा फेर फार छोटा असतो. हत्तीसुद्धा त्यात मोठा वाटू लागला.

तेवढ्यात फाटक करकरलं. हिरव्या साडीतली कावेरीवहिनी पोट सावरत आत आली. तिच्या मागोमाग धापा टाकत अनुसयाकाकू.

"कावेरी! आधी घरी चल! या मुलीसमोर उभीच कशी राहतेस तू?"

वहिनी आजवर सासूबाईंना उलट बोलली नव्हती. आत्ताही तिचा आवाज चढला नाही. ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, माझ्या पोटी बकुळसारखंच बाळ आलं, तर तुम्ही त्यालाही फेराबाहेर ठेवाल?"

काकू सुनेच्या पोटाकडे बघत राहिल्या. आपल्याच नातवंडाला कुंपणाबाहेर उभं राहिलेलं पाहिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

बकुळला यातलं किती कळलं कोण जाणे. तिला एवढं दिसलं, की काकू एकट्याच बाजूला उभ्या आहेत. ती दुडुदुडु गेली आणि तिनं त्यांचं बोट धरलं. "काकू, फेर."

तो मऊ हात काकूंच्या हातात पहिल्यांदाच आला होता. त्यांनी तो सोडला नाही. पदरानं डोळे टिपले आणि कुंपणाकडे बघून त्या गरजल्या, "काय गं रिबिनींनो, आमंत्रण पाहिजे का तुम्हाला?"

भसाभस मुली आत आल्या! लाल, पिवळ्या, मोरपंखी परकरांनी अंगण भरलं. फेर सुरू झाला आणि बकुळ उजवीकडे जायचं सोडून डावीकडे निघाली. तिचा हात काकूंच्या हातात, म्हणून काकू डावीकडे. काकू निघाल्या म्हणून सगळं गाव डावीकडे! प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द बकुळ सगळ्यांच्या मागून म्हणायची. तिसऱ्या गाण्यापासून मुलींना त्याचीच गोडी लागली, आणि त्या ओळ संपवून तिच्यासाठी मुद्दाम थांबू लागल्या.

आई मात्र आत डबा बघून हवालदिल झाली. खिरापत दहा जणींपुरती, आणि अंगणात चाळीस जणी! तुळसाच्या मनात होतं, की इच्छा जपून ठेवून आईसाठी पक्कं छप्पर मागावं. पण आईचं ते कसनुसं तोंड बघितलं आणि तिनं हाक मारली, "टिकली परी! सगळ्यांना पोटभर खिरापत दे!"

झगमग झगमग! डब्यावर परी उतरली. मुलींचे डोळे बशीएवढे झाले. "हवी का गं खिरापत?" परीनं विचारलं. "हो!" सगळ्या ओरडल्या. "हो," अनुसयाकाकूही म्हणाल्या, अगदी लाजत.

आता ओळखा! "लाडू?" "चिवडा?" "वाटली डाळ?" कुणालाच ओळखता येईना. शेवटी रीत मोडून डबा उघडला, तर आतून प्रत्येकीच्या हातात वेगळीच खिरापत! वहिनीला डोहाळे लागले होते तसली आंबटगोड कैरी, आश्विनात! काकूंना त्यांच्या आईच्या हातची करंजी, तीस वर्षांत न खाल्लेली. ती खाताना काकू एकदम लहान मुलीसारख्या दिसू लागल्या.

"दोघी बहिणींनो," परी म्हणाली, "तुम्ही दोघींनीही मागितलं ते दुसऱ्यासाठी. म्हणून हा डबा कधी रिकामा व्हायचा नाही. आणि तुळसा, आईच्या छपराची काळजी तू करायची नाहीस, ती माझ्याकडे. हो ना गं, तुळसाच्या आई?" "हो," आई म्हणाली. परीनं पंख पसरले. निळा, गुलाबी, सोनेरी उजेड अंगणभर सांडला, छपराच्या कौलाकौलांवरून खेळला आणि एका लखलखाटात परी नाहीशी झाली. मुली कितीतरी वेळ आभाळाकडे बघत उभ्या होत्या.

पौषात, कोवळ्या उन्हात, कावेरीवहिनीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी बाळाला बघायला ही झुंबड! काकू कुणाला बाळ हातात देत नव्हत्या. "लांबूनच बघा, लांबूनच," असं चाललं होतं. तेवढ्यात तुळसाचा हात धरून बकुळ आली. काकूंनी गर्दी बाजूला सारली, चटई अंथरली, बकुळला भिंतीला टेकवून बसवलं आणि सगळ्या गावादेखत नात तिच्या मांडीवर ठेवली.

"डोकं धर हं, बकुळ," काकू काळजीनं म्हणाल्या. "सावकाश. अगदी सावकाश."

बकुळनं बाळाच्या इवल्या डोक्याखाली आपला हात घातला आणि मान वर करून काकूंकडे पाहिलं.

"काकू, घाबरू नका," ती म्हणाली. "मला सावकाशच येतं."