जानुबाईची तारीख

चिंचाळ्याच्या वाचनालयात शैलजा कुंभोजकर ग्रंथपाल होती. तिथल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरला जोडायचा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, तिने लिहिलं होतं. पुस्तक परत करायची तारीख ते काढून द्यायचं. कुणीही बसवून घ्यावं म्हणून तिने ते इंटरनेटवर फुकट ठेवलं होतं.

एके दिवशी शहरातल्या एका कंपनीचे राजोपाध्ये साहेब टाय लावून आले आणि कार्यकारी मंडळाला म्हणाले, "हे प्लगइन आमच्या कंपनीचं आहे. आमच्या परवान्याशिवाय ते वापरता येणार नाही."

अध्यक्ष बिचकले. शैलजाने मात्र साहेबांना त्यांच्याच लॅपटॉपवर त्यांच्या कंपनीचं म्हणवणारं प्लगइन उघडायला लावलं.

"साहेब, चैत्र वद्य अष्टमीला हे एकही पुस्तक परत मागत नाही. असं का?"

"आंतरराष्ट्रीय मानक आहे ते," साहेब ऐटीत म्हणाले. "साऱ्या जगात असंच चालतं."

"असं होय," शैलजा म्हणाली. "त्या दिवशी आमच्या जानुबाईची जत्रा असते आणि वाचनालयाला कुलूप, म्हणून मी ती तारीख वगळली होती. आता साऱ्या जगातच जत्रा भरते म्हणता, तर पालखी तुमच्या कंपनीच्या दारात किती वाजता आणू, तेवढं सांगा."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. टाय त्यांनी जिना उतरतानाच सैल केला.