आडवा हात

“...आणि वर मलाच विचारता, मी काय केलं म्हणून? काय केलं नाही ते विचारा महाराज!”

त्रिंबकराव वालावलकरांनी मांडीवरची कुंडी मठीच्या ओट्यावर आदळली. आदळल्याबद्दल त्यांना लगेच स्वतःचा राग आला आणि तोही त्यांनी महाराजांवरच काढला.

“पाणी दिलं. सकाळी चहाच्या आधी, दुपारी जेवणाच्या आधी, रात्री निजण्याच्या आधी. हिला दिल्याशिवाय मी घोट घेतला नाही. देवांच्या अंघोळीचं पाणी दिलं, तांदळाचं धुवण दिलं, शेणखत घातलं. आता काय माझं रक्त घालू?”

केवलगिरी महाराज चुलीपुढे उकिडवे बसले होते. चुलीवर भात रटरटत होता. त्यांनी मान वळवून कुंडीकडे पाहिलं.

कुंडीत ऑर्किड होतं. होतं म्हणायचं इतकंच. दोन पानं उरलेली, दोन्ही सुरकुतलेली, आणि बुंध्याशी पिवळेपणा चढत आलेला.

“कुणाचं?” महाराजांनी विचारलं.

“आमच्या कुटुंबाचं. शालनचं.” त्रिंबकरावांनी घसा खाकरला. “माघात गेली ती.”

महाराजांनी एक लाकूड मागे ओढून जाळ कमी केला.

शालनबाईंची ऑर्किडं हे कुडाळातलं एक प्रकरण होतं. पडवीच्या वाशांना नारळाची सोलून काढलेली सोडणं टांगलेली, सोडणांवर बांधलेली ही झाडं, आणि खाली लोंबणारी फुलं. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून बघत. बाई मात्र त्यांचं फारसं काही करताना दिसत नसत. आठवण झाली की हाताने पाणी शिंपडायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. त्रिंबकरावांनी तर उभ्या संसारात त्या झाडांकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

बाई गेल्यावर पाहिलं. आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

मुळं! एका जित्या जीवाची मुळं अशी उघडी-वाघडी वाऱ्यावर लोंबतात? ना माती, ना आधार? इतकी वर्षं आपल्या घरात हे असं चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नाही?

त्यांनी त्याच दिवशी सगळी झाडं खाली उतरवली, चांगल्या कुंड्या आणल्या, काळीभोर माती भरली आणि प्रत्येकाची मुळं नीट झाकून वरून थोपटली. तेराव्यालाही त्यांना इतकं समाधान वाटलं नव्हतं.

मग एकेक झाड जाऊ लागलं.

पानं मऊ पडायची, सुरकुतायची. सुरकुतलेलं पान बघून कुठलाही शहाणा माणूस काय करील? पाणी घालील. त्रिंबकरावांनी घातलं. पानं आणखी सुरकुतली, त्यांनी आणखी घातलं. पुतण्या म्हणाला, काका, जरा थांबून बघा. त्याला त्यांनी घराबाहेर काढला. झाडं काही थांबली नाहीत.

आता हे शेवटचं होतं. हे गेलं की घरात शालनच्या हातचं जिवंत असं काही उरणार नव्हतं. कुणीतरी सांगितलं, घाटावरच्या मठीत केवलगिरी आहेत, त्यांच्याकडे ही झाडं बघत राहावं इतकी फुलतात. म्हणून पुऱ्या एस. टी.च्या प्रवासात त्यांनी कुंडी मांडीवर धरली होती. घाटातल्या वळणांवर धोतर चिखलाने भरलं, पण कुंडी कलंडू दिली नाही.

आणि मठीत पाय ठेवतात तो समोर फणस. फणसाच्या खोडावर, अगदी बेचक्यात, सीतेची वेणी, म्हणजे रानातलं ऑर्किडच, फुललेली. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे गजरेच्या गजरे खाली सुटलेले. मुळं सालीला चिकटलेली, निम्मी तर हवेतच.

त्रिंबकरावांनी तिकडे बोट रोखलं.

“तिला पाणी कोण घालतं?”

“कुणी नाही.”

“खत?”

“पाखरं टाकतील ते.”

“आणि तुम्ही काय करता?”

“मी इथे राहतो,” महाराज म्हणाले.

“हा अन्याय आहे!” त्रिंबकराव उठून उभेच राहिले. “सरळ सरळ अन्याय! जो राबतो त्याचं मरतं आणि जो ढुंकून बघत नाही त्याच्या दारात गजरे! शालनही तशीच. आठ-आठ दिवस बघायची नाही. तिला फुलं! आणि मी डोळ्यांत तेल घालून जपतोय, तर मला ही प्रेतं! कुठला हा न्याय? देव तरी असा कसा हो तुमचा?”

“भात झाला,” महाराज म्हणाले. “बसा जेवायला.”

“मला भूक नाही.”

“बसा.”

त्रिंबकराव बसले. अन्नाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पंचक्रोशीत मुंज असो की लग्न, पंगतीत वाढायला त्रिंबकराव हवेतच. आग्रह करावा तर त्यांनीच. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून जिलबी सरकवण्याचं त्यांचं कसब होतं. जेवणारा कण्हत उठला की त्यांना कृतार्थ वाटायचं. हे सगळं प्रेमाने, बरं का. त्यात खोट काढायला जागाच नव्हती आणि म्हणून कुणी काढतही नसे.

महाराजांनी पत्रावळ मांडली. वाफाळता भात वाढला, वर कुळथाची पिठी.

त्रिंबकराव जेवले. खरं तर बरं वाटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

महाराजांनी पुन्हा भात वाढला.

“असू दे, असू दे,” त्रिंबकराव म्हणाले आणि तोही संपवला.

महाराजांनी आणखी वाढला.

“नको महाराज. झालं.”

“एवढ्याशाने काय होतंय? प्रवास करून आलात.”

त्रिंबकरावांनी तोही कसाबसा खाल्ला. पानात टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. मान वर करतात तो महाराज पातेलं घेऊन उभेच.

“हा शालनबाईंच्या नावाचा.”

“महाराज, खरंच नको...”

“आमच्या हातचं गोड लागलं नाही वाटतं?”

हे वाक्य त्रिंबकरावांना चांगलं ओळखीचं होतं. आजवर ते त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. पानाच्या या बाजूला बसून ते कसं लागतं हे त्यांना आज कळलं. पोट टम्म झालं होतं, घशाशी पिठीची आंबट ढेकर आली होती.

त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

महाराजांनी त्या हातावरच भात वाढला.

“अहो!” त्रिंबकराव चटका बसून ओरडले. भात झटकला गेला, पत्रावळ बाजूला सरकली. “पुरे म्हटलेलं समजत नाही का? माझं पोट आहे, मला कळतं त्यात किती मावतं ते! हात आडवा धरलेला दिसत नाही? ही काय माणसाशी वागायची रीत झाली?”

महाराज थांबले. पातेलं खाली ठेवलं. मग ओट्यावरच्या कुंडीकडे त्यांनी पाहिलं आणि पाहतच राहिले.

“हिने हात कुठे धरायचा?” त्यांनी विचारलं.

...



हाताला चिकटलेली शितं निवत होती. त्रिंबकरावांनी ती पुसली नाहीत.

शालनचे शेवटचे दिवस. वाटीत मऊ भात, त्यावर तूप. ते चमचा घेऊन बसायचे. घे गं, एवढासाच, माझ्यासाठी. ती ओठ मिटून घ्यायची. एकदा तिने हात वर केला होता, पण तो चादरीच्या वर फारसा आलाच नाही. ते म्हणाले होते, हा शेवटचा. आणि तो शेवटचा झाल्यावर आणखी एक भरवला होता.

“मग काय उपाशी ठेवायची होती?” ते एकदम ओरडले. “बोला ना! डोळ्यांदेखत वाळत चाललेली, तिला काय उपाशी ठेवायची होती मी?”



महाराजांनी विचारलं नाही, कुणाला म्हणून. ते उठले, पाण्याने त्रिंबकरावांचा हात धुतला आणि भाजलेल्या जागेवर खोबरेल लावलं. फार हळू लावलं. त्रिंबकरावांचे डोळे वाहत होते आणि त्या वाहण्याचाही त्यांना संताप येत होता.

मग महाराजांनी कुंडी ओढली आणि पालथी केली.

“अहो, अहो...”

मातीचा ओला गोळा बाहेर पडला. कुबट वास सुटला. महाराजांनी बोटांनी माती सोडवली. आतली मुळं तपकिरी झाली होती, बोट लावलं की साल निघून हातात येत होती, मागे नुसता दोरा. महाराज एकेक कुजलेलं मूळ विळीने कापत गेले.

त्रिंबकराव पुढे सरकले. वाकून बघू लागले.

अगदी वर, बुंध्यालगत, एक मूळ टणक निघालं. ते मातीत दाबलंच गेलं नव्हतं. त्रिंबकरावांच्या नजरेतून सुटलं होतं म्हणून उरलं होतं.

“आहे,” महाराज म्हणाले.

“जगेल?”

“ते तिला विचारा.”

महाराजांनी कोपऱ्यातून एक जुनं सोडण घेतलं, झाड त्यावर ठेवलं आणि काथ्याने बांधलं. घट्ट नाही. ते मूळ हवेत मोकळं राहिलं.

त्रिंबकरावांचा हात आपोआप पुढे झाला.

“हे उघडं राहतंय महाराज. थोडी माती तरी...”

महाराजांनी नुसतं पाहिलं. हात मागे गेला.

“मूळ पांढरं दिसलं की पाणी शिंपडा,” महाराज म्हणाले. “हिरवं आहे तोवर काही नाही.”

“बस्स?”

“बस्स.”

“आणि बाकीचा वेळ?” त्रिंबकरावांचा आवाज पुन्हा चढला. पण आता त्यात भांडण कमी होतं आणि दुसरंच काही जास्त होतं. “माझा दिवस किती मोठा असतो तुम्हांला ठाऊक आहे? मुंज नाही, लग्न नाही, घरात दुसरं पान मांडायला माणूस नाही. पाणी घालायचं नाही, खत घालायचं नाही, माती लावायची नाही, हातसुद्धा लावायचा नाही! मग मी दिवसभर करू काय? तिच्यासमोर बसून नुसता बघत राहू?”

महाराजांनी ते सोडण त्यांच्या हातात दिलं.

“जमेल?”