शेजारवाईच्या रिकाम्या वाटीची कहाणी

ऐका शेजारवाई, तुमची कहाणी. बायांनो, चिमूटभर तांदूळ हातात घ्या, मोबाइल पालथे ठेवा, आणि मनात जिचा हेवा असेल तिच्याच शेजारी सरकून बसा.

आटपाट नगर होतं. नगराला राजा नव्हता, सोसायटी होती. सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एका दारात शलाका राहायची, दुसऱ्या दारात हेमांगी.

शलाकेला दोन मुलं. रेवा थोरली, कौस्तुभ धाकटा. नवरा भला होता, पण कामापायी सदा परगावी. पोरांना काय काय होतं? सकाळी पोहणं होतं, दुपारी शाळा होती, संध्याकाळी कथक होतं, उरलासुरला वेळ बुद्धिबळाला होता. शलाका नोकरी करी, घर करी, गाडी हाकी. एकीला सोडी, दुसऱ्याला आणी, सिग्नल लागला की मागे वळून पोळीचा घास भरवी. दमून जाई, पण कुणाला हाक मारीत नसे. कुणी विचारलंच तर म्हणे, "आमचं आम्ही बघतो."

हेमांगीला तीन मुलं. गाडी नाही, घरात धड बसायला जागा नाही, केसांचा अंबाडा कायम सुटलेला. पण बाईला मागायची लाज म्हणून नव्हती. खालच्या वहिनींना म्हणे, "वहिनी, तुमच्या नातवाबरोबर माझ्या दोघांना तबल्याला न्याल का?" वरच्या काकांना म्हणे, "काका, धाकटीची गणितं अडलीत हो." वहिनी नेत, काका शिकवीत. मग काकांना ताप आला की पेज हेमांगी करी, वहिनी गावाला गेल्या की नातू हेमांगीकडे जेवी. दार उघडंच. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत.

शलाका दाराच्या बारीक भोकातून बघे. बघे आणि जळे. मनात म्हणे, "मी मरमर मरते, तर माझ्यासाठी कुणी लिफ्टसुद्धा धरून ठेवत नाही. ही नुसती तोंड उघडते नि अख्खी बिल्डिंग धावते. असं काय सोनं लागलंय हिला?" हेमांगीच्या घरातून हसणं ऐकू आलं की शलाका मिक्सर लावी. दळायला काही नसलं तरी लावी.

हे शेजारवाईनं पाहिलं. तिला दया आली. म्हातारीचं रूप घेतलं, शलाकेच्या दारी आली. एके दिवशी अळूची पानं आणली. म्हणाली, "मुली, परसातली आहेत, घे." शलाका म्हणाली, "नको आजी, आहेत आमच्याकडे." नव्हती हो! दुसऱ्या दिवशी ताकाचा तांब्या आणला. "नको आजी, आहे आमच्याकडे." तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी आली. म्हणाली, "मुली, तू थोरलीला घेऊन नाचाला जा, मी धाकट्याजवळ बसते." शलाका म्हणाली, "नको आजी, आमचं आम्ही बघतो."

शेजारवाई म्हणाली, "बरं, तुझं तू बघ."

देवीच्या तोंडचं बोलणं ते, वाया जाईल कसं? मग काय झालं? कामवाली गावाला गेली. नवऱ्याचा दौरा लांबला. आणि आषाढातल्या एका रविवारी रेवाचा कथकचा कार्यक्रम आणि कौस्तुभची पोहण्याची शर्यत, दोन्ही एकाच वेळेला आली. नाट्यगृह एका टोकाला, तलाव दुसऱ्या टोकाला. आई एकच.

शलाकेनं कौस्तुभला तलावावर सोडलं. म्हणाली, "तू कपडे बदल, तोवर मी ताईला पोचवून येते." गेली. तिथं कथकच्या बाईंनी तिलाच सगळ्या मुलींच्या वेण्या घालायला बसवली, फोन बंद करायला लावले. मग रेवाचा नाच झाला. मग रस्ता तुंबला. तलावावर येते तो काय? पाणी शांत, माणूस नाही काणूस नाही. रखवालदार म्हणाला, "तुमचा फोन बंद लागत होता. पोरानं माझ्या फोनवरून कोण्या मावशीला बोलावलं. रिक्षानं घेऊन गेल्या."

शलाका धावत घरी आली. हेमांगीच्या दारात उभी राहिली. कौस्तुभ हेमांगीच्या मुलाचा ढगळ सदरा घालून वरणभात जेवत होता. तोंडात घास होता आणि तो हसत होता. घरी तो असा कधी हसला होता, शलाकेला आठवेना.

पोर सुखरूप बघून बाईचा जीव भांड्यात पडायचा. पण हिला आग लागली.

म्हणाली, "ऊठ. घरी चल."

हेमांगी म्हणाली, "अगं, दोनच घास राहिलेत. खाऊ दे की त्याला."

शलाका म्हणाली, "माझी पोरं दारोदार जेवत नाहीत."

हेमांगीचा चेहरा उतरला. कौस्तुभनं ताटातला हात उचलला, तो तसाच खरकटा धरून आईच्या मागे निघाला.

दुसऱ्या दिवशी शलाकेनं काजूकतलीचा मोठा खोका आणला आणि रेवाच्या हाती समोर धाडला. उपकार ठेवायचे नाहीत ना कुणाचे! पुढच्या सकाळी पोहायची वेळ झाली. कौस्तुभ काही उठेना.

"का रे?"

"मी नाही जाणार. आता कधीच नाही."

"हरलास म्हणून?"

"नाही. तिथं सगळ्यांसाठी कुणीतरी ओरडतं. माझ्यासाठी कुणीच ओरडत नाही."

शलाका उठली. दार ओढून घेतलं, जिन्यात जाऊन बसली आणि तोंडाला पदर, म्हणजे आपली ओढणी, लावून रडली. तो म्हातारी जिना चढून आली. म्हणाली, "मुली, मुली, का रडतेस?"

"हेवा वाटतो, आजी. त्या समोरच्या बाईचा."

"तिच्या रूपाचा का?"

"नाही."

"तिच्या घरादाराचा का?"

"छे!"

"मग तिच्या पोरांचा?"

शलाका म्हणाली, "तिला मागता येतं, त्याचा. मला येत नाही. मी एकटी माझ्या पोरांना पुरत नाही, आणि हे कुणाला सांगायचं म्हटलं की माझी जीभ रेटत नाही."

म्हातारी म्हणाली, "मग वसा घे."

"तो वसा कसा करावा?"

"श्रावणातल्या शुक्रवारी रिकामी वाटी घ्यावी. शेजारणीच्या दारी जावं. खरोखर जे हवं तेच मागावं. नसलेलं आहे म्हणू नये. मिळेल ते गोड मानावं. फेडायची घाई करू नये. घाई केली तर वसा मोडला." इतकं म्हणाली नि दिसेनाशी झाली.

श्रावण आला. पहिल्या शुक्रवारी शलाका वाटी घेऊन निघाली. समोरच्या दारी बेलपर्यंत बोट गेलं, तिथूनच परतली. दुसऱ्या शुक्रवारी बेल वाजवली. हेमांगीनं दार उघडलं. शलाका म्हणाली, "तुमच्याकडे पाणी आलंय का, विचारायला आले." आलं होतं. दोघींकडे आलं होतं.

तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा गेली. हेमांगीचा अंबाडा सुटलेला, हाताला पुरण लागलेलं. हेमांगीनं वाटी पाहिली.

"विरजण हवंय?"

"विरजण आहे." शलाकेनं वाटी पुढे केली. "माणसं नाहीत माझ्याकडे. रविवारी परत कार्यक्रम आणि शर्यत एकदमच आलेत. कौस्तुभला कसंबसं तयार केलंय. मी रेवाबरोबर असेन. त्याच्यासाठी ओरडायला येशील?"

हेमांगी लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "त्या दिवशीचं तुझं बोलणं मला फार लागलंय, शलाका."

"माहीत आहे. चुकलं माझं."

"काजूकतली तर त्याहून लागली."

"तेही माहीत आहे."

हेमांगीनं वाटी ओढून घेतली, पुरण भरलं, वर तूप सोडलं. म्हणाली, "इथंच खा. किती वाजता आहे शर्यत?" शलाकेनं उंबऱ्यात उभ्या उभ्या पुरण खाल्लं. घरी जाऊन लगेच काही करून पाठवलं नाही. फार जड गेलं हो ते, पण नाही पाठवलं.

रविवार आला. तलावाच्या काठी हेमांगी आली, तिची तिन्ही पोरं आली, वहिनी नातवाला घेऊन आल्या, काका काठी टेकत आले. कौस्तुभ शर्यतीत कितवा आला? शेवटचा! बाकीची पोरं अंग पुसून मोकळी झाली तरी हा आपला पाणी तोडतोय. पण काठावर काय तो कल्ला! "कौस्तुभ, मार हात! कौस्तुभ, आलं, आलं!" वहिनींनी ताटली आणि चमचा आणला होता, ती बडवली. वर आला तर ज्यानंत्यानं टॉवेल पुढे केलेले. कुठला घ्यावा त्याला कळेना.

संध्याकाळी सगळे शलाकेच्या घरात दाटीवाटीनं बसून हे सांगत होते. कौस्तुभ मधेमधे ओरडून दाखवत होता. शलाका हसत होती. आपण तिथं नव्हतो, हेमांगी होती, म्हणून पोटात थोडं दुखलंच. हेवा का असा एका व्रतात जातो?

मग हेमांगी म्हणाली, "आणि तो पहिला आलेला मुलगा, सांगू? गळ्यात पदक घालून एकटाच फाटकापाशी गाडीची वाट बघत होता. आमच्या कौस्तुभकडे असा टक लावून बघत होता, काय सांगू!"

शलाकेनं ती नजर ओळखली. दाराच्या भोकाआडून तिनं ती कितीदा लावली होती. चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "कुणाचं गं ते पोर? पुढच्या वेळी त्याच्यासाठीही ओरडा."

शेजारवाई जशी शलाकेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. तुमच्या पोरांना पदकं मिळोत न मिळोत, काठावर ओरडणारी माणसं मिळोत. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत आटोपली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.