नारळीबेटाची गाऱ्हाणी

पूर्वी सोपारक बंदरात रुचिधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. राजा मनाने वाईट नव्हता. फक्त त्याची भूक मोठी होती. त्या नगरीचा जुना रिवाज असा, की दारी आलेल्या प्रत्येक प्रजाजनाचे गाऱ्हाणे ऐकून होईपर्यंत राजाने अन्नाला शिवायचे नाही. नगर लहान आणि लोक समजूतदार, त्यामुळे ऊन चढायच्या आत राजा पाटावर बसलेला असे.

एकदा सेनापती चंडवर्मा म्हणाला, "महाराज, समुद्रापलीकडे नारळीबेट आहे. तिथे मिरी आहे, मोती आहेत, आणि लोकांना तलवार धरता येत नाही. चाळीस गलबते द्या, बेट आपले झालेच म्हणून समजा."

राजाच्या तोंडाला पाणी सुटले. वल्ह्यांसाठी कोळीवाड्यातले तीनशे गडी त्याच दिवशी धरून आणले गेले. मिरीचा दहावा वाटा अमात्यांना मिळेल, असेही सेनापतीने हळूच सुचवले.

बोधिसत्त्वांनी विचारले, "बेटावर माणसे किती?"

"वीस हजार! सगळी आपली प्रजा होणार."

"मग वीस हजारांची गाऱ्हाणीही आपली. महाराज, आधी थोडा सराव करू. बंदरात त्या बेटाचे बारा खलाशी उतरले आहेत. ते आजपासून आपली प्रजा आहेत असे समजा."

राजाला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाराही जण दारात हजर झाले. पहिल्याच्या सासूच्या शेळीने शेजाऱ्याची रोपे खाल्ली होती. दुभाष्याने ती शेळी शिंगांपासून शेपटीपर्यंत समजावून सांगितली.

"साक्षीदार कुठे आहेत?" राजाने विचारले.

"बेटावर. वारा मिळाला तर वीस दिवसांत येतील."

मुदपाकखान्यातून तुपाचा वास आला. राजाने डोळे मिटले.

दुसरा म्हणाला, "तुमचे सैनिक आमच्याकडे येणार म्हणे. त्यांनी लुटलं तर गाऱ्हाणं कुणाकडे करायचं?"

"माझ्याकडे."

"म्हणजे ज्यानं पाठवलं, त्याच्याचकडे?"

राजाने घाईने तिसऱ्याला पुढे बोलावले. तिसऱ्याची हकिगत संपेपर्यंत दुपार कलली. तेव्हा सेनापती पुढे आला. "महाराज, हा रिवाज आपल्या लोकांपुरता असू द्या. बेटावर सुभेदार नेमू. तिथल्यांचे कोणी ऐकले नाही म्हणून काय बिघडते?"

"वा!" म्हणत राजाने ताट मागवले आणि पहिला घास उचलला.

रांगेत शेवटी सुलसा नावाची कोळीण उभी होती. तिचा नवरा त्या तीनशे जणांत होता. ती म्हणाली, "जेवा महाराज, सुखानं जेवा. पण कुणाचं न ऐकता राज्य करायची सवय लागलेला सुभेदार उद्या इथंच येऊन बसला, तर? आणि माझा घरधनी बुडाला, तर मी दाद कुठं मागायची?"

बोधिसत्त्वांना तिची फार दया आली. त्यांनी अमात्यपदाची मुद्रा राजापुढे ठेवली. "महाराज, समुद्रापलीकडच्या माणसासाठी आपण बहिरे झालो, की दारातल्या माणसाचेही ऐकू येत नाही. गलबते जाणार असतील, तर ही मुद्रा परत घ्या. मिरीचा वाटाही नको."

राजाचा घास हातातच राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली. घास ताटात ठेवून तो म्हणाला, "गड्यांना घरी सोडा."

"पण महाराज, मोती!" सेनापती कळवळला.

"तांदूळ दे आणि मोती घे. इतर लोक तसेच करतात." मग राजाने रांगेकडे केविलवाणे पाहिले. "अमात्य, अजून नऊ जण उरलेत हो."

"ते आता आपली प्रजा नाहीत, महाराज. पाहुणे आहेत."

"मग?"

"पाहुण्यांना आधी वाढतात."

सुलसेचा नवरा घरी पोहोचला, आणि राजा बारा परक्यांच्या पंगतीत मांडी घालून पोटभर जेवला.

शेजारच्या विहाराच्या आमराईवर हक्क सांगणाऱ्या स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, कुंभदत्तांना ही कथा ऐकवून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "तेव्हाचा राजा आज तुम्ही आहात. आमराईत कुंपण घालू पाहणारा तुमचा शिष्य म्हणजे चंडवर्मा. सुलसा आज भिक्खुणी होऊन इथेच बसली आहे, आणि अमात्य मी होतो. जे आपले नाही, ते हाती येण्याआधीच सोडावे. यालाच नैष्क्रम्य पारमिता, म्हणजे त्यागाची परिपूर्णता, म्हणतात."